साडेपाच लाद्या

आषाढातला शनिवार, दुपारची वेळ. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या ज्या दुकानात मी जुन्या कॅमेऱ्यांचं काउंटर सांभाळतो, तिथे पावसात गिऱ्हाईक तुरळक. अशा दिवशी मी कपाटातल्या लेन्स एकेक काढून टॉर्चच्या उजेडात तपासतो. खाडीकाठची दमट हवा, एक पावसाळा दुर्लक्ष झालं तरी काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस धरते.

मायलेकी आल्या त्या कळव्याहून. मुलगी विशीतली, गळ्यातला कॅमेरा दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. "काका, ८५ एक-आठ आहे? पोर्ट्रेटला तीच घ्या म्हणतात सगळे."

होती, ८५ मिलिमीटरची, एफ १.८ लेन्स. स्वच्छ काच, बावीस हजार. आईने पर्समधून रुमालाची गाठ काढली. भिशी लागली होती, चोवीस हजार.

मी आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बघायला मागितली. ही सवय एका चुकीतून लागली आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाला निकॉनची जुनी ५० एक-आठ डी लेन्स दिली, कॅमेरा न विचारता. त्याच्याकडे डी३२०० होता. त्या बॉडीत फोकसची मोटर नसते आणि त्या लेन्समध्येही नसते, म्हणजे ऑटोफोकस चालणारच नाही. बहिणीच्या साखरपुड्याचे निम्मे फोटो हलके धूसर घेऊन तो परत आला. पैसे दिले मी, साखरपुडा कसा देणार?

हिच्याकडे कॅनन १५००डी निघाला, सोबत किटची, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी, १८-५५ लेन्स. कॅननच्या ईएफ मालिकेतल्या लेन्सना मोटर आतच असते, ती काळजी नव्हती. विचारलं, "फोटो कुणाचे काढणार?"

उत्तर आईने दिलं. त्या नवरीचा मेकअप करतात, घरीच, पुढच्या खोलीत. नवरी तयार झाली की लेक फोटो काढते, तेच पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. आत्तापर्यंत फोनवर भागवलं. पण फोनचा पोर्ट्रेट मोड मागची भिंत पुसताना कानाजवळच्या बटा आणि मुंडावळ्यांचे मोतीही पुसतो. "आणि भाऊ, चेहरा इतका गुळगुळीत करतो की मी मेकअप केला की फोनने, कळत नाही." तुळशीच्या लग्नानंतर सिझन सुरू होतो, त्याआधी हात बसायला हवा, म्हणून आत्ता आल्या होत्या.

"खोली केवढी?"

"दहा बाय दहा. दिवाण हलवता येतो."

मी आईंना स्टुलावर बसवलं, ८५ कॅमेऱ्याला लावली आणि मुलीला सांगितलं, डोक्यापासून कमरेपर्यंत आई फ्रेममध्ये घे. ती एक पाऊल मागे गेली. आणखी एक. डोळा व्ह्यूफाइंडरलाच. आमच्या दुकानाच्या लाद्या दोन फुटी आहेत; तिसरी झाली, चौथी झाली, पाचवी संपली आणि ती उंबरा ओलांडून पागोळ्यांखाली उभी राहिली. पाठीवर पाणी पडायला लागलं तेव्हा तिने डोळा काढला. साडेपाच लाद्या, अकरा फूट.

तिच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप, फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान आहे. त्यावर ८५ ही १३६ सारखी वागते आणि ५० ही ८० सारखी; आकडा मोठा, तितकं मागे जावं लागतं. ८५ ची शिफारस बहुतेक वेळा फुल फ्रेमवाले करतात, आणि त्यांचं खरं असतं. लहान सेन्सरवर तो आकडा जसाच्या तसा उचलला की खोली कमी पडते. नवरीला भिंतीपासून दोन फूट पुढे बसवायचं, नाहीतर भिंत धूसर कशी होणार? फोटो काढणाऱ्याला पाठीमागे फूटभर. उरले सात.

मग २०१५ साली आलेली ५० एक-आठ एसटीएम लावली. १६० ग्रॅमची, हातात खेळण्यासारखी वाटते. कमरेपर्यंतची फ्रेम साडेतीन लाद्यांत बसली. मी म्हटलं, आता आणखी जवळ जाऊन फक्त चेहरा काढ, एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड (अपर्चर) पूर्ण उघडून; हा आकडा लहान तितकं तोंड मोठं.

स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. आईंच्या नाकातली चमकी लखलखीत, डोळे मात्र मऊ. चार फुटांवर १.८ ला जेमतेम चार सेंटिमीटरची पट्टी फोकसमध्ये राहते आणि कॅमेऱ्याने ती नाकावर खर्च केली होती. फोकसचा एकच पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवायला सांगितलं, अपर्चर २.८ वर. यावेळी पापण्यांचा केस न् केस आला.

उजेडाचाही हिशोब दाखवला. तिची किट लेन्स ५५ वर ५.६ च्या पुढे उघडत नाही. ट्यूबलाइटखाली तिला ३२०० आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची वाढवलेली संवेदनशीलता, लावावा लागे. तोच फोटो ५० ने २.८ वर ८०० ला निघाला. मेकअपच्या रंगाला हा फरक फार मोठा आहे, कारण आयएसओ वाढला की त्वचेवर दाणे येतात आणि सगळ्या मेहनतीची माती होते.

मुलीचा जीव अजून ८५ मध्ये होता. म्हणाली, "पण चेहरा ८५ ने जास्त छान दिसतो ना?" प्रश्न रास्त होता. नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे दिसत नाही, दोन फुटांवर जाऊन काढल्यामुळे दिसतं. सहा-सात फुटांवरून काढलं की चेहरा जागच्या जागी राहतो. मोकळ्या जागेत, उपवन तलावाच्या काठाने काढणार असती, तर ८५ मीच हातात ठेवली असती.

आई इतका वेळ तो फोटोच बघत होत्या. बोटाने सरकवत हनुवटीखाली गेल्या. स्वतःच्या चेहऱ्यावर एक साधी टिकली, पण नजर कामाची.

"हे सगळं दिसणार?"

"सगळं."

"मग हीच द्या."

साडेसहा हजारांना दिली. उरलेल्या पैशांतून फ्लॅश घ्यायचा का, विचारलं. मी म्हटलं, आत्ता नको. स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचा एक मोठा पांढरा तुकडा घ्या, नवरीला दाराच्या उजेडाकडे वळवून बसवा आणि सावलीच्या बाजूला तो तुकडा धरा. आणि लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

नोव्हेंबरच्या शेवटी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. नऊवारीतली नवरी, मुंडावळ्यांचा एकेक मोती सुटा मोजता येईल असा, मागची भिंत नुसता पिवळसर रंग. खाली तिने लिहिलं होतं: "काका, पहिल्या फोटोत मानेला फाउंडेशन कमी दिसलं. आईने नवरीला परत बसवलं. आता ती आधी माझ्याकडून फोटो काढून घेते, मोठा करून बघते आणि मगच गजरा माळते."