न केलेल्या सहीचा सन्मान

महिला रविवार, म्हणजे चर्चमधला स्त्रियांच्या गौरवाचा रविवार, जवळ आला की ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मानपत्रांची लगबग सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी मजकूर ठरलेला असतो: सेवाभावी, त्यागी, सोशिक, प्रार्थनाशील. बदली होऊन मी ज्या मंडळीत पाळक म्हणून नुकताच रुजू झालो होतो, तेथील चिटणिसांनीही चार ज्येष्ठ भगिनींच्या सत्कारासाठी असाच मजकूर टंकून माझ्याकडे सहीसाठी पाठवला. चारही मानपत्रांत नावे आणि एखादी ओळ तेवढी वेगळी होती, बाकी अक्षर न् अक्षर सारखे होते. त्यात वाईट असे काही लिहिलेले नव्हते, पण या चौघींपैकी एकीनेही आयुष्यात नेमके काय केले, हे ते चार कागद वाचून कोणालाही कळले नसते.

मी चिटणिसांना बायबलमधील प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढायला सांगितला. पौलाच्या पत्रांतला हा भाग आपण एरवी नामावली म्हणून भराभर वाचून टाकतो, परंतु माझ्या मते मानपत्र कसे लिहावे याचा तो वस्तुपाठ आहे. त्या अध्यायात दहा स्त्रियांचा उल्लेख येतो आणि त्यांपैकी अनेकींच्या बाबतीत पौल विशेषण न लावता काम सांगतो. किंख्रियातील मंडळीची सेविका फिबी हिने पुष्कळ जणांना, खुद्द पौलालाही, साहाय्य केले. प्रिस्का आणि तिचा पती अक्विला यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला. युनिया त्याच्याबरोबर बंदिवासात होती. मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस यांनी कष्ट केले. यांच्यापैकी कोणालाही पौल सोशिक म्हणत नाही. चिटणीस हसले आणि म्हणाले, "मग पाळकसाहेब, आता तुम्हीच लिहा." त्यामुळे त्या आठवड्यात मी चारही घरी जाऊन आलो.

पहिल्या बाईंनी रविवारच्या शाळेत मुलांच्या दोन पिढ्या शिकवल्या होत्या, तेव्हा त्यांच्याबद्दल काय लिहायचे हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या भगिनीने करोनाच्या काळात, जेव्हा दफनाला मोजकीच माणसे जाऊ शकत होती आणि जाऊ शकणारी माणसेही कचरत होती, तेव्हा कबरस्थानात उभे राहून परक्यांच्या आप्तांसाठी शास्त्रपाठ वाचला होता. तिसरीच्या मानपत्रात चिटणिसांनी 'पतीच्या व्यसनाला शांतपणे तोंड दिले' अशी एक जादा ओळ घातली होती. ती मी वाचून दाखवल्यावर त्या बाई तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. "शांतपणे? मी दाराला आतून कडी घातली होती, पाळकसाहेब. म्हटलं, आधी व्यसनमुक्ती केंद्रात नाव घाला, मग घरात या. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत." शेजारच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे यजमान, आता पूर्ण निर्व्यसनी, मान डोलावून म्हणाले, "कडी लिहा, कडी. ती कडी नसती तर मी आज नसतो." त्यांच्या मानपत्रात मी कडी लिहिली.

खरा पेच चौथ्या घरी पडला. या मावशी पूर्वी मंडळीच्या खजिनदार होत्या आणि मानपत्रात त्यांच्याविषयी 'दीर्घकाळ निःस्वार्थ सेवा' एवढेच होते. मी हिशेबाचा विषय काढताच त्या म्हणाल्या, "शाल द्यायची असेल तर द्या, पण सेवेबद्दल नको. सेवा सगळेच करतात. मी एकदा सही केली नव्हती, तेवढं एक काम मी केलं." अधिक काही सांगायला त्यांनी नकार दिला. "वही कपाटात असेल. बघा," एवढे बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

वही खरोखरच कपाटात होती. तिच्यात एका वार्षिक ताळेबंदाखाली खजिनदाराच्या सहीची जागा कोरी होती आणि समासात, बारीक पण ठसठशीत अक्षरात, शाईने लिहिले होते: 'गरीब निधीतील रक्कम छताच्या दुरुस्तीस वापरली असता ती वाटप झाल्याचे दाखविले आहे. प्रथम एकटीने, नंतर दोघींसह जाऊन कळविले. आता मंडळीपुढे ठेवीत आहे.' मी ही नोंद पुन्हा वाचली, कारण तिच्यातला क्रम मला ओळखीचा वाटला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने अपराध करणाऱ्या भावाबद्दल जो मार्ग घालून दिला आहे, तो हाच आहे: आधी एकांतात त्याची चूक त्याला दाखवावी, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. आम्ही पाळक या वचनावर उपदेश करतो. एका खजिनदार बाईने ते पायरीपायरीने पाळून त्याची नोंद हिशेबाच्या वहीत केली होती.

पुढची हकिकत मला जुन्या सभासदांकडून तुकड्यातुकड्यांनी समजली. पैसे कोणी खिशात घातले नव्हते. पावसाळ्यात छत गळत होते, इमारत निधी अपुरा पडला, म्हणून विधवांच्या मदतीसाठी राखलेली रक्कम तिकडे वळवण्यात आली आणि वार्षिक सभेत चर्चा नको म्हणून ताळेबंदात ती वाटून झाल्याचे दाखवण्यात आले. मावशींनी सही केली नाही, तेव्हा तो कागद दुसऱ्याच्या सहीने सभेपुढे गेला, मावशींनी उभे राहून आक्षेप घेतला, सभेने तो ऐकून घेतला आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचे नाव कोणी सुचवले नाही. मंडळी सोडून त्या दुसरीकडे गेल्या असत्या तर कमिटीला हायसे वाटले असते. त्या गेल्या नाहीत. रविवारी नेहमीच्या बाकावर बसत राहिल्या आणि दर वार्षिक सभेत तोच प्रश्न विचारत राहिल्या, इतका की तो विषयपत्रिकेवर नसला तरी लोक त्याची वाट पाहू लागले. अखेर ती रक्कम हप्त्याहप्त्याने निधीत परत जमा झाली. आभार मानल्याची नोंद मात्र इतिवृत्तात कोठेही नाही.

शनिवारी संध्याकाळी मी चौथ्या मानपत्राचा मसुदा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीपुढे ठेवला, तेव्हा खोलीत काही काळ कोणीच बोलेना. कमिटीचे त्या काळचे उपाध्यक्ष आता वयोवृद्ध असले तरी सल्लागार म्हणून बैठकीला येतात. तेही समोरच होते. "जुनी मढी कशाला उकरायची?" असे एका सभासदाने विचारले आणि दुसऱ्याने त्याला दुजोरा देत सुचवले की महिला रविवार हा आनंदाचा दिवस आहे, त्या दिवशी कोणाला कमीपणा येईल असे काही वाचू नये. हा मुद्दा अगदीच गैरलागू होता असे मी म्हणणार नाही. सत्कार एकीचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असे व्हायला नको हे मलाही पटत होते, म्हणून मसुद्यात मी कोणाचेही नाव घातले नव्हते. मी एवढेच म्हटले की प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीत विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, ती कुरकुर पुस्तकाचा लेखक लूक याने लपवली नाही, आणि तिच्यातूनच वाटपासाठी सात जणांची नेमणूक झाली. आपल्या मंडळीतही अशीच तक्रार झाली होती. फरक इतकाच की ती करणाऱ्या बाईला आपण घरी बसवले आणि आता शाल देऊन तिने तक्रार कधी केलीच नव्हती असे दाखवणार आहोत.

वृद्ध उपाध्यक्षांनी मसुदा मागून घेतला, चष्मा पुसला आणि सावकाश वाचला. "ती माझ्या घरी आली होती," ते म्हणाले. "उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, फक्त या कागदाबद्दल आहे. मी तिला बस म्हटलं नाही." मसुद्याला त्यांनी संमती दिली नाही आणि विरोधही केला नाही. मतदान झाले आणि थोड्या फरकाने मजकूर मंजूर झाला.

रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठासाठी मी बायबलमधील गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय निवडला. स्त्रियांचा गौरव म्हटला की रूथ आणि एस्तेर आपोआप येतात, पण सलाफहादाच्या पाच मुलींना व्यासपीठावर फारशी जागा मिळत नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या दर्शनमंडपाच्या, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूच्या, दारापाशी मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव त्याच्या कुळातून का पुसून जावे, आम्हाला वतन द्या, असे त्यांनी मागितले. मोशेकडे तयार उत्तर नव्हते. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले आणि या मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निवाडा मिळाला. उपदेशात मी या कथेचा पुढचा भागही सांगितला, कारण तो क्वचितच सांगितला जातो: यहोशवाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात त्याच मुलींना पुन्हा एकदा याजक, यहोशवा आणि सरदार यांच्यापुढे येऊन परमेश्वराच्या त्या आज्ञेची आठवण करून द्यावी लागते, आणि तेव्हा कोठे जमीन त्यांच्या पदरात पडते. निवाडा बाजूने लागल्यानंतरही मागत राहावे लागते, हे शास्त्रातच लिहिलेले आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही मी घेतले, मात्र नेहमीच्या बाजूने नव्हे. केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली आणि इब्री व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर यांबद्दल आपण त्यांचे गुण गातो, आणि ते योग्यच आहे. पण १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर, ज्यांनी त्यांना आसरा दिला होता त्याच अँग्लिकन वडीलधाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून धर्ममतांबद्दल निर्भीडपणे वाद घातला होता, आणि मला न पटलेली गोष्ट केवळ तुम्ही सांगता म्हणून मी मानणार नाही ही भूमिका सोडली नव्हती. हा वाद त्यांच्या विश्वासातला उणेपणा होता असे मला वाटत नाही. पुढे मुक्तीसारखे काम उभे राहिले ते याच ताठ कण्यावर.

त्यानंतर मानपत्रे वाचण्यात आली. दाराच्या कडीला मंडळीत हशा पिकला आणि टाळ्याही पडल्या. कबरस्थानातल्या वाचनाचा उल्लेख झाला तेव्हा मागच्या बाकांवरचे एक कुटुंब आपण होऊन उभे राहिले. चौथे मानपत्र वाचताना माझा आवाज मला स्वतःला थोडा मोठा वाटला: 'गरीब निधीचा हिशेब खरा असावा म्हणून आपण सही नाकारलीत, वचनात सांगितल्याप्रमाणे आधी एकांतात, मग साक्षीदारांसह आणि मग मंडळीपुढे बोललात, पद गेल्यावरही मंडळी सोडली नाहीत आणि निधी भरून येईपर्यंत विचारत राहिलात.' एक गृहस्थ उठून बाहेर गेले आणि आशीर्वचनालाही परत आले नाहीत. सोमवारी त्यांचे नाराजीचे पत्र आले, ते मी कमिटीपुढे ठेवले आहे. भगिनी मंडळाच्या बाकांवर मात्र टाळ्या बराच वेळ चालल्या, आणि त्यांत अशा काही जणी होत्या ज्यांचा त्या काळी त्या निधीवर महिना निघत असे. वृद्ध उपाध्यक्ष टाळ्या वाजवत नव्हते. ते काठीच्या आधाराने उभे राहिले होते आणि मावशी जागेवर बसेपर्यंत तसेच उभे राहिले.

उपासना संपल्यावर अंगणात लोक मावशींभोवती जमले. एका तरुण मुलीने त्यांना विचारले, "आजी, तुम्हाला तेव्हा भीती नाही वाटली?" मावशी म्हणाल्या, "वाटली ना. हात इतका थरथरत होता की सही केली असती तरी ती माझी आहे असं बँकेनं मानलं नसतं." मग गर्दीतून वाट काढत त्या सध्याच्या खजिनदारांपाशी आल्या, तो तिशीतला मुलगा त्यांच्याच रविवारच्या वर्गातला निघाला. त्यांनी शाल व्यवस्थित घडी करून पिशवीत ठेवली होती आणि मानपत्र काखेत होते.

"बाळा, गरीब निधीचा या वर्षीचा हिशेब फलकावर लागलेला नाही."

"लावतो मावशी, पुढच्या रविवारी."

"तारीख काय येते?" असे विचारत त्यांनी पिशवीतून पेन काढले आणि मानपत्राच्या पाठीमागे ती लिहून घेतली.