हात नको, पत्रा फिरव

गेले तीन रविवार मी तांब्याच्या पत्र्यावर एकच वाकडी रेघ कोरतोय, आणि काल ती पहिल्यांदा मनासारखी आली, म्हणून हे लिहायला बसलो.

खूळ लागलं गोल्टझियसमुळे. हेंड्रिक गोल्टझियस, हॉलंडमधल्या हार्लेमचा, तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणारा. त्याची १५८९ची हर्क्युलिसची प्रिंट झूम करून बघा, अंगभर नुसते गाठीगाठींचे स्नायू आणि ते सगळे निव्वळ रेघांतून उभे केलेत, रेघ बारीक निघते, सावलीत फुगते आणि परत केसाएवढी होऊन संपते. ती जाडी म्हणजे खाचेची खोली. ब्युरिनवर, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्यारावर, जोर दिला की खाच खोल जाते, खोल म्हणजे रुंद, आणि तिच्यात शाई जास्त मावते. मॅनरिस्टांची, म्हणजे शरीरं मुद्दाम ताणून-पिळून काढणाऱ्या त्या काळच्या चित्रकारांची, ती पिळदार शरीरं या फुगणाऱ्या रेघेशिवाय छापात उतरलीच नसती असं मला तरी वाटतं.

माझं मात्र ब्युरिन वळणावर सटकायचं, एकदा तर थेट डाव्या अंगठ्यात घुसलं. शेवटी फोंड्याला काकांकडे गेलो, त्यांचा जन्म सोनारकामात गेलाय. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हात कशाला फिरवतोस रे? वस्तू फिरव." अगदी हेच! पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवून डाव्या हाताने फिरवायचा, उजव्याने नुसतं पुढे ढकलत राहायचं. युरोपातही ही कला सोनारांच्याच हातून आली म्हणा.

गोल्टझियसचा उजवा हात लहानपणी भाजून आखडलेला होता. १५८८मध्ये त्याने तोच हात पेनाने काढला, रेघा अशा की तांब्यावर कोरल्यासारख्या. आणि हार्लेममध्येच जन्मलेला डच प्रवासी लिन्सखोटेन त्या १५८८ साली आपल्या जुन्या गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता, पुढे १५९६मध्ये आम्स्टरडॅमला त्याचं पुस्तक निघालं त्यात गोव्याचा भर बाजार तांब्याच्या पत्र्यावरून छापलाय, छत्र्या, पालखी, सगळं. हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप नाही.

काल प्रिंट काढली. शाई खाचांत भरली, वरची जाळीदार कापडाने पुसली, दमट कागद, त्यावर फेल्ट (जाड लोकरी कापड), आणि प्रेसचं चाक फिरवलं. कागद सुकल्यावर तसाच काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटून रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शाई वर आलीय रे, हाताला लागते."