फॉर्ममधला रकाना

मेसोथेलिओमाचं, म्हणजे बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कॅन्सरचं, निदान झालं की आमच्या क्लिनिकमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का? इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीच्या काठी, बहुतेकांचं उत्तर तयारच असतं. गोदीत होतो, बॉयलरवर होतो, वडील गोदीत होते. त्या दिवशी डॉक्टरांनी प्रश्न बाईंना विचारला आणि उत्तर दिलं नवऱ्याने. बाईंचा जन्म दुकानात हिशेब लिहिण्यात गेलेला. गोदीत होता तो. जहाजांच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण चढवायचं काम, तरुणपणाची सगळी वर्षं. त्याची स्वतःची छाती मात्र ठणठणीत.

मी लंग कॅन्सरची स्पेशालिस्ट नर्स. डॉक्टर उठून गेले की पुढचं माझ्याकडे: तेच पुन्हा सावकाश सांगायचं, पुढच्या तारखा, माझा फोन नंबर. बाई रक्त द्यायला गेल्या आणि आजोबांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"पेट," (इथली जुनी माणसं मायेने कोणालाही अशीच हाक मारतात) "माझ्या कपड्यांतून गेलं ना ते?"

त्यांना बाकावर बसवलं. ओव्हरऑल धुळीने पांढरा व्हायचा, ती मागच्या अंगणात आधी झटकायची, मग भिजत घालायची, असं ते सांगत राहिले. हाताने झटकून दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, शक्यता तीच जास्त आहे, आणि तेव्हा तुम्हाला कोणी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, पार्किंगची वेळ संपत आली, ते मशीन नाणी घेतं का?

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू छातीत गेल्यावर हा रोग तीस-चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा वर येतो. ब्रिटनने निळ्या आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी घातली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. आपल्याकडे पांढरा अजून बाहेरून येतो आणि त्याचे सिमेंटचे पत्रे होतात. मिरजेला आमच्या न्हाणीघरावर तेच होते. रात्री आईला फोन करून विचारलं, ते पत्रे अजून आहेत का गं? ती म्हणाली, हे काय मध्येच?

त्याच दुपारी आमचं सुपरव्हिजन होतं, म्हणजे कामातल्या अवघड प्रसंगांवर मोकळेपणाने बोलायची बैठक. महिन्यातून एकदा, तासभर. ब्रेस्ट, बॉवेल आणि हेड-अँड-नेक कॅन्सरच्या नर्स आणि मी, अशा चौघी, आणि हॉस्पिटलची सायकॉलॉजिस्ट. 'नाइस' या इथल्या संस्थेने २००४ मध्ये कॅन्सर पेशंटच्या मानसिक आधाराच्या चार पायऱ्या आखून दिल्या. आम्ही दुसऱ्या पायरीवर: पेशंटचा ताण ओळखायचा, पहिला आधार द्यायचा. मग आम्हाला वरच्या पायरीवरचं कोणीतरी पाठीशी हवं, हे त्यातच लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे एवढंच. क्लिनिक तुंबलं की पहिली कात्री याच तासाला लागते.

मला स्वतःला हा तास पचायला वेळ लागला. मी शिकले तिथे वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावलं म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार. वॉर्डात पेशंट गेला तर रडायचं हॉस्टेलवर, मैत्रिणीच्या खाटेवर, आणि सकाळी पुन्हा ड्युटी. इथे आमची मॅनेजर खोलीत नसते आणि पेशंटला धोका असेल तेवढं सोडून बाकी काही तिच्या कानावर जात नाही. एवढं पटल्यावर मी तोंड उघडलं.

त्या दुपारी मी कॉरिडॉर सांगितला, पण माझा खरा घोर फॉर्मचा होता. नवऱ्याचे कपडे धुऊन आजार झालेल्या बाईला कामगारांचा आजार-भत्ता लागू होत नाही. तिच्यासाठी २००८ ची वेगळी योजना आहे, पैसे एकरकमी मिळतात, पण अर्ज निदानापासून वर्षाच्या आत करावा लागतो. आणि त्यात लिहावं लागतं, अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क कसा आला. ते त्या माणसाच्या देखत कसं लिहायचं?

ब्रेस्टवाली म्हणाली, बेनिफिट्सच्या, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या, सल्लागाराकडे दे, ते भरतात. सल्ला रास्तच होता. सायकॉलॉजिस्टने विचारलं, "त्यांच्यासमोर ते लिहिलं जाऊ नये, असं कोणाला वाटतंय?"

मला.

"आणि बाईंना काय वाटतं?"

यावर चौघींपैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. सकाळपासून आम्ही सगळे त्या म्हाताऱ्याच्या अपराधी भावनेभोवती फिरत होतो, आणि आजारी होती ती. पुढचा अर्धा तास त्यावरच गेला: त्यांना एकटं कधी गाठायचं, पहिलं वाक्य काय असावं, आजोबा माझ्याशी जे बोलले ते त्यांचंच राहील याची काळजी कशी घ्यायची. सायकॉलॉजिस्टने मला शांत वगैरे केलं नाही. तिने कामाला लावलं, आणि मला तेच हवं होतं.

बाई छातीतलं पाणी काढायला आल्या तेव्हा आजोबा चहा आणायला गेले होते. मी म्हटलं, एक फॉर्म भरायचाय, त्यात हा आजार कुठून आला ते विचारलंय. तुम्हाला त्यावर बोलायचंय का?

"शेजारीण यानेच गेली," त्या म्हणाल्या. "तिचाही नवरा गोदीतलाच. तेव्हाच कळलं मला. पण मी ओळखून होते हे त्याला सांगू नका."

मग चष्मा लावून त्यांनी फॉर्म ओढला. रकान्यात लिहिलं: नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले. पेन थांबवून विचारलं, "आधी झटकायचे, तेही लिहू?"

"लिहा."

आजोबा चहा घेऊन आले तेव्हा फॉर्म माझ्या फाइलमध्ये होता. त्यांनी विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही.

आता एक गोष्ट उरली आहे. मेसोथेलिओमाने मृत्यू झाला की इथे कॉरोनरला (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं, चौकशी होते आणि आजार कुठून आला याचा जबाब घरच्यांना द्यावा लागतो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवणं माझं काम. दोघांना एकत्र सांगायचं की वेगवेगळं, हा विषय मी पुढच्या सुपरव्हिजनसाठी दिलाय. पण पहिला नंबर ब्रेस्टवालीचा आहे, तिचंही बरंच तुंबलंय.