उतरणीचं दुखणं

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं म्हणतात. नव्यानं व्यायाम सुरू करणाऱ्याचं दुखणं मात्र येतंही मुंगीच्याच पावलांनी. व्यायाम केला त्या दिवशी माणूस खुशीत असतो. घाम निघालेला, अंघोळ झालेली, भूक कडकडून लागलेली. एवढ्या बैठका मारल्या तरी काहीच कसं झालं नाही, याचं त्याला कौतुक वाटत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कूस बदलताना मांडीत जरा काहीतरी जाणवतं. मग दिवस वर चढतो तसा ठणकाही चढत जातो, आणि व्यायामानंतर चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान कधीतरी तो ऐन भरात येतो. तोवर बैठका मारल्याचा आनंद पार विरून गेलेला असतो.

या दिवसांत आपल्या अंगात काय काय आहे ते नव्यानं कळतं. पोटाचा व्यायाम केला असेल तर हसणं ही जोखमीची गोष्ट होते, आणि शिंक येणार असं वाटताच पोटावर दोन्ही हात धरून तिची वाट पाहावी लागते. दंड भरून आलेले असले की कंगवा केसांपर्यंत नेण्यापेक्षा डोकंच कंगव्यापर्यंत नेणं सोपं पडतं. पण सगळ्यांत मजेशीर प्रकार मांड्यांचा. खुर्चीत बसताना अर्ध्या वाटेपर्यंत माणूस सावकाश, बेतानं जातो आणि उरलेली वाट सोडूनच देतो. धप्पकन. संडासात तर हे धप्पकनही परवडत नाही.

आणि जिना. जिना चढताना फारसं काही होत नाही. कुरकुर होते, पण चढता येतं. उतरताना मात्र दर पायरीला मांडी कळवळते. कठडा धरून, आडवं होऊन एकेक पायरी घ्यावी लागते. काही हुशार लोक सरळ पाठमोरे उतरतात. बघणाऱ्याला हे नाटक वाटतं. चढणं म्हणजे कष्ट आणि उतरणं म्हणजे आराम, असाच आपला सगळ्यांचा हिशेब असतो ना! श्वासाच्या बाबतीत तो बरोबरही आहे. स्नायूंचा हिशेब वेगळा असतो.

वजन उचलताना स्नायू आखडतो आणि ओढतो. तेच वजन सावकाश खाली ठेवताना त्याला ओढत ओढतच लांब व्हावं लागतं. म्हणजे धरून ठेवायचं आणि सोडायचंही, दोन्ही एकाच वेळी. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू हेच करतो, जिना उतरताना हेच, टेकडी उतरताना हेच. यात ताण मोठा असतो आणि तो ओढायला एका वेळी कमी तंतू लावले जातात, त्यामुळे एकेका तंतूवर जास्त भार पडतो. श्वास मात्र फारसा लागत नाही. म्हणूनच फसगत होते. दम लागत नाही, तेव्हा आपल्याला वाटतं की काम होत नाहीये.

ही फसगत किती मोठी असते ते १९५२ साली अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या शरीरशास्त्रज्ञांनी फार झकास दाखवलं. त्यांनी दोन सायकली एकमेकींकडे पाठ करून उभ्या केल्या आणि साखळीनं जोडल्या. एकानं नेहमीसारखं पायडल मारायचं. दुसऱ्याचे पायडल त्यामुळे उलटे फिरणार, आणि त्यानं ते पायांनी रोखून धरायचे. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा एका धिप्पाड पुरुषाला पायडल मारायला बसवलं होतं आणि रोखायला एक छोट्या चणीची बाई. तो गडी घामाघूम होऊन थकला, ती आरामात बसलेली. मला या गोष्टीचा पुढचा भाग ऐकायला आवडला असता. पहिल्यांदाच बसली असेल, तर दोन दिवसांनी जिना उतरताना कोणाची काय अवस्था असेल याबद्दल माझी पैज त्या बाईंच्या विरोधात आहे.

इतकं असूनही आळ येतो तो लॅक्टिक आम्लावर, म्हणजे जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या आम्लावर. व्यायामाबद्दल दोन वाक्यं बोलू शकणारा कोणीही माणूस त्यातलं एक या आम्लाबद्दल बोलतो. बिचारं आम्ल! व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातली त्याची पातळी जवळजवळ पूर्ववत होते, आणि ठणका तर तेव्हा अजून जागाही झालेला नसतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सपाटीवर पळवलं आणि काहींना उतारावर. सपाटीवाल्यांच्या रक्तात आम्ल वाढलं, पण त्यांचं अंग विशेष दुखलं नाही. उतारावाल्यांचं आम्ल वाढलंच नाही आणि पाय मात्र चांगलेच धरले. आरोपी गुन्ह्याच्या जागी नव्हताच, हे सिद्ध होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी त्याची सुटका काही होत नाही.

खरं कारण त्याच्याही कितीतरी आधी कोणीतरी ओळखलं होतं. थिओडोर हफ या शरीरशास्त्रज्ञांनी १९०२ सालीच लिहिलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्यामुळे असावं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची विस्कटलेली रचना दिसलीही. पण नुसत्या फाटण्यावर हे भागत नाही. फाटणं तिथल्या तिथे होतं. दुखणं उशिरा येतं, कारण डागडुजी उशिरा सुरू होते. तिथे सूज येते, दुरुस्ती करणाऱ्या पेशी जमतात, त्यांच्यातून पाझरणाऱ्या रसायनांनी मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. मग एरवी जे दाबणं किंवा ताणणं कळलंही नसतं, तेच दुखणं म्हणून कळतं. तंतूंचं नुकसान आणि ठणका यांचं प्रमाण जुळतंच असंही नाही. थोड्या नुकसानीत पुष्कळ बोंब होऊ शकते आणि उलटही.

म्हणून ‘किती दुखतंय’ यावरून ‘किती चांगला व्यायाम झाला’ हे ठरवणाऱ्यांचं मला हसू येतं. त्यांच्या लंगडण्यात एक रुबाब असतो. कोणी विचारावं म्हणून ते जरा जास्तच लंगडतात. नवीन कसरत कोणालाही दुखवते, मुरलेल्या पहिलवानालासुद्धा. दुखलं याचा अर्थ अंगाला सवय नव्हती, एवढाच.

आता उपाय. इथे प्रत्येकाकडे एकेक असतो आणि प्रत्येकाला त्याचा गुण आलेला असतो. याचं कारण सोपं आहे. हे दुखणं काही केलं नाही तरी चारपाच दिवसांत, फार तर आठवड्यात जातं. तिसऱ्या दिवशी अगदी असह्य झाल्यावर माणूस काहीतरी करतो, चौथ्या दिवशी बरं वाटतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि कावळ्याची कीर्ती पसरते.

त्यातल्या त्यात सर्वांत मोठी कीर्ती आहे ताण देण्याची, म्हणजे स्ट्रेचिंगची. व्यायामाआधी ताणा, नंतर ताणा, मग बघा. बघितलं गेलं. कॉक्रेन या संस्थेनं २०११ साली सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा फरक निघाला तो शंभर गुणांच्या मापावर एखाद-दोन गुणांचा. सर्वांत मोठ्या प्रयोगातही चारच्या आसपास. चार गुणांनी जिना सोपा होत नाही. ताण देण्याला माझा विरोध नाही, अंग मोकळं वाटतं, पण या कामासाठी ते नव्हे. मालिशनं थोडा आराम पडतो, थंड पाण्यात पाय बुडवून बसल्यानंही पडतो, गरम पाण्यानं निदान मन निवतं. गोळी घेतली तर ठणका तेवढ्यापुरता दबतो. पण दबलेल्या ठणक्याच्या भरवशावर पुन्हा तीच बैठक घालायला जाऊ नये, कारण या दिवसांत स्नायूची ताकदही खरोखरच उतरलेली असते.

सगळ्यांत भरवशाचा उपाय सगळ्यांत नकोसा आहे: हलायचं. सावकाश चालायचं, सायकल असेल तर रमतगमत फिरवायची, घरातली कामं करायची. पहिली दहा मिनिटं शिव्या द्याव्याशा वाटतात आणि मग गाडी सुटते. थांबलं की दुखणं परत येतं हेही खरं, पण तेवढा वेळ तर बरा गेला. पाय दुखत असतील तर त्या दिवशी हातांचा व्यायाम करावा. एवढं करून दोन दिवस स्वतःची कीव करायला रिकामे ठेवले तरी चालतील.

मात्र प्रत्येक दुखणं हे दुखणं नसतं. व्यायाम करता करता एकाच जागी कळ आली, सांधा सुजला, तर ती इजा आहे. तिथे वरचं काही लागू नाही. आणि ठणका हाताबाहेर गेला, स्नायू टम्म फुगला, लघवी गडद तपकिरी व्हायला लागली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. स्नायू इतके तुटलेले असतात की त्यातली प्रथिनं रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करू शकतात. क्वचितच होतं, पण झालं तर बहुधा फार उत्साहानं सुरुवात करणाऱ्यालाच होतं.

उत्साहाला आवर घालणाऱ्याला मात्र शरीर एक सवलत देतं. पहिल्यांदा थोडंसं, अगदी हसू यावं इतकं कमी उतरणीचं काम केलं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच पुन्हा जरा जास्त केलं, तर दुसऱ्या खेपेला दुखणं फारच कमी होतं. एकाच खेपेत हा फरक पडतो. पहिली खेप फार न दुखणारी असली तरी चालते. स्नायूला एकदा कळलं की हे पुन्हा होऊ शकतं, की तो तयारीत राहतो.

ही तयारी काही आठवडे टिकते, कधी काही महिनेही. वर्षभर मात्र टिकत नाही. त्यामुळे दर १ जानेवारीला जोरात सुरुवात करून नव्याचे नऊ दिवसही पुरे न करणाऱ्यांची मोठी पंचाईत होते. त्यांचा स्नायू दरवर्षी कोराच असतो, आणि व्यायामातला ३ जानेवारीच तेवढा त्यांच्या वाट्याला येतो.