एल. जे. रोडवरच्या बाई

दादरहून माहीमकडे जाताना 'एल. जे. रोड' हे शब्द शेकडो वेळा कानावर पडले असतील. एल. जे. म्हणजे लेडी जमशेदजी, हेही ठाऊक होतं. पण बाईचं नाव जमशेदजी कसं, हा प्रश्न पडायला माझी पन्नाशी उलटावी लागली. बाईंचं नाव आवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर रस्ता व्हावा म्हणून त्यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ साली कॉजवे खुला झाला. यजमान जमशेदजी जीजीभॉय १८४२ साली 'सर' झालेले. इंग्रजी रिवाजाप्रमाणे 'सर'ची बायको ती 'लेडी', पण पुढे आडनाव लावायचं. म्हणजे खरं तर लेडी जीजीभॉय. मुंबईने सरळ नवऱ्याचं नावच लावून टाकलं. 'एल' राणीच्या किताबाचा, 'जे' नवऱ्याचा. पैसे तेवढे आवाबाईंचे.

'लेडी'पुढे स्वतःचं पाळण्यातलं नाव लावायचं तर बड्या उमरावाच्या पोटी जन्माला यावं लागतं. डायनाचे वडील अर्ल, म्हणून ती लेडी डायना. १९८१ साली लग्न झालं आणि ती प्रिन्सेस ऑफ वेल्स झाली. आपल्याकडे मात्र ती शेवटपर्यंत लेडी डायनाच राहिली. लेकीला माहेरच्या नावाने हाक मारायची आपली सवय, दुसरं काय!

सगळ्यात गंमत ब्रिटिश राजघराण्यातल्या प्रिन्सेस मायकेल ऑफ केंटची. ही बाई आहे, नाव मारी-क्रिस्टीन, आणि मायकेल हे तिच्या नवऱ्याचं नाव. आपल्या आज्यांना नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा. इथे बाई स्वतःच ते नाव होऊन बसली.

उलट दिशेने मात्र हे पाणी वाहत नाही. इंग्रज नटी जुडी डेंच १९८८ साली 'डेम' झाल्या, म्हणजे बायकांमधल्या 'सर'. त्यांचे यजमान मायकेल विल्यम्स, तेही नावाजलेले नट, मिस्टरचे मिस्टरच राहिले. चर्चिलसाहेबांनी १९४५ साली 'सर' होणं नाकारलं. पुढच्याच वर्षी क्लेमेंटाइनबाईंना स्वतःच्या कामाबद्दल डेमचा किताब मिळाला. साहेब 'सर' झाले ते १९५३ साली. मधली सात वर्षं त्या घरात किताब होता तो बायकोकडे. साहेबांचं त्यावाचून काही अडलं नाही म्हणा.

आणि थॅचरबाई! पंतप्रधान म्हणून साडेअकरा वर्षं ब्रिटन हाकलं, १९९० साली पायउतार झाल्या, आणि लगेच डेनिसरावांना बॅरोनेट केल्याची घोषणा झाली. बॅरोनेट म्हणजेही 'सर'च, पण हा वंशपरंपरेने चालणारा किताब, पुढे मुलाकडे गेला. पण त्या क्षणी झालं काय, तर अख्ख्या मंत्रिमंडळाला धाकात ठेवणारी बाई यजमानांच्या पुण्याईने 'लेडी थॅचर' व्हायला पात्र ठरली! स्वतःच्या नावावर बॅरोनेस, म्हणजे उमरावीण, व्हायला १९९२ उजाडलं.

हा योगायोग म्हणावा, तर २०२० साली पुन्हा तेच. फिलिप मे 'सर' झाले, त्यामुळे माजी पंतप्रधान थेरेसाबाई 'लेडी मे'. त्यांची स्वतःची बॅरोनेसगिरी २०२४ ची. फिलिपरावांना किताब मिळाला तो राजकीय सेवेबद्दल. ही सेवा नेमकी कोणती, ते ज्याची बायको रात्री अकराला सभा आटोपून घरी येते आणि जेवण गरम आहे का विचारते, त्याला विचारावं.