क्लाउड की स्वतःचा सर्व्हर?
आज ऑफिसात दिवसभर एकच चर्चा, क्लाउडवरच, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरच राहायचं की स्वतःचे सर्व्हर घ्यायचे. मला विचाराल तर सगळं लोडवर, म्हणजे सर्व्हरवर किती काम पडतं त्यावर आहे. ट्रॅफिक अचानक दहापट वाढतं आणि परत खाली येतं असं असेल तर क्लाउडच, मिनिटांत मशीन वाढवा, काम झालं की बंद करा. पण आमचा डेटाबेस रात्रंदिवस जवळपास सारख्याच लोडवर चालतो, आणि असं मशीन तासाच्या भाड्यावर वर्षानुवर्षं ठेवणं मला खरंच पटत नाही, त्यात डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे, ते तर सुरुवातीच्या हिशेबात कुणी धरतच नाही.

२०१६ मध्येच बघा ना, नेटफ्लिक्सनं क्लाउडवर जाणं पूर्ण केलं आणि त्याच वर्षी लोकांच्या फाइल्स ऑनलाइन साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सनं त्यातल्या बहुतेक फाइल्स अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरून काढून स्वतःच्या हार्डवेअरवर नेल्याचं सांगितलं. दोघांच्या गरजाच वेगळ्या.

अर्थात स्वतःचं घेतलं की डिस्क, वीज, कूलिंग, दुसऱ्या जागी बॅकअप सगळं आपल्याच गळ्यात, मध्यरात्री डिस्क गेली तर बदलायला माणूस हवा. डेटाबेस स्वतःच्या मशीनवर, वेब सर्व्हर क्लाउडवर असं मी सुचवलंय, पण मधली लेटन्सी, म्हणजे दोघांमध्ये डेटा जायला-यायला लागणारा वेळ आधी मोजा, मगच ऑर्डर द्या.