जोधपूरच्या खडकावरची बिनपानांची झाडं

मेहरानगड पाहून बहुतेक पर्यटक निळ्या घरांच्या जुन्या शहराकडे उतरतात. आम्ही किल्ल्याला लागूनच असलेल्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्ककडे वळलो. मार्च संपत आला होता आणि सकाळी नऊलाच खडक तापायला लागला होता. हा खडक म्हणजे सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून आलेला ऱ्हायोलाइट. माती जवळजवळ नाहीच, पाऊस वर्षाला साधारण 350 मिलिमीटर, आणि तोही दोन-अडीच महिन्यांत उरकणारा.

पावसाचं पाणी किल्ल्याकडे नेण्यासाठी खडकात खोदलेल्या जुन्या नाल्यातून वाट जाते. त्या वाटेवर पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो थोर. अंगावर पान नाही, नुसते हिरवे काटेरी खांब आणि त्यांच्या शेंड्यांवर लाल फुलोरा. पानं पावसाळ्यात येतात आणि कोरडा काळ लागला की गळतात. मग अन्न तयार करण्याचं काम हिरवं खोडच करतं. अशा मांसल खोडाच्या थोरांची आणखी एक खुबी आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच दारातून पाणी गमावतात. हे थोर ती रंध्रं रात्री, हवा गार झाल्यावर उघडतात, वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद ठेवून त्याचं अन्न करतात. त्यामुळे वाढ हळू होते, पण पाणी वाचतं. शिवाय थोराच्या जाळीत शेळ्यांना तोंड घालता येत नाही, म्हणून तिथे दुसऱ्या झाडांची रोपं निवांत वाढताना दिसतात. हे पाहताना मी बराच वेळ तिथे रेंगाळलो.

पुढे केर. आपल्या सोलापूर-नगरच्या माळावरची नेपती ती हीच. कोवळ्या फांद्यांवर थोडे दिवस बारीक पानं येतात, एरवी सगळं झुडूप म्हणजे हिरव्या काड्यांचा गुंता. त्यावर विटकरी-लाल फुलं फुलली होती. आमचा वाटाड्या म्हणाला, "साब, जितनी गरमी, उतना केर." खरंच, आजूबाजूचं गवत वाळून पिवळं पडलेलं असताना ते झुडूप ऐन बहरात होतं.

खेजडीचा मार्ग मात्र अगदी उलटा. खेजडी म्हणजे आपली शमी. ती काटकसर करत बसत नाही, मुळं खोल, खूप खोल पाठवते आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी काढते. तिची पानंही बारीक पर्णिकांची असतात. मोठं पान उन्हात भाजून निघतं, तर बारीक पर्णिकांमधून वारा खेळतो आणि त्या लवकर निवतात.

खडकाच्या भेगेत मोरशिखा दिसली, सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या तटबंदीत दिसते तीच. तपकिरी, कुरकुरीत, स्पर्श केला तर मोडेल अशी. हा नेचा पाणी साठवतही नाही, शोधतही नाही. तो सरळ वाळतो आणि पाऊस पडला की त्याच पानांनी पुन्हा हिरवा होतो. मला सगळ्यात थक्क केलं ते त्यानेच. हंगामी तणांची गोष्ट वेगळी, ती उन्हाळा पाहतच नाहीत. बी होऊन खडकावरच्या मूठभर मातीत पडून राहतात.

ही झाडं आज इथे आहेत, कारण त्यासाठी कोणीतरी घाम गाळला आहे. हा सगळा परिसर वेड्या बाभळीने व्यापला होता. परदेशातून आणलेलं हे झाड वरून तोडलं तर बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटतं. 2006 मध्ये झाडांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली सुमारे 70 हेक्टरवर काम सुरू झालं, तेव्हा उपयोगी पडले खांडवालिया, म्हणजे इथले पिढीजात दगडफोडे. हातोडीच्या ठोक्याच्या आवाजावरून ते खडकाचा कस ओळखतात. त्यांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून बाभळीची मुळं काढली आणि त्याच खड्ड्यांत स्थानिक झाडं लावली. 2011 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

आपल्याकडे माळरान दिसलं की "पडीक आहे, झाडं लावा" असं म्हणतात आणि गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडाची रोपं उभी करतात. मला ते पटत नाही. नेपती, हिवर, बोर, कुसळी गवत ही तिथली हक्काची वस्ती आहे, आणि तिथला उन्हाळा कसा काढायचा हे त्यांना बाहेरून आणलेल्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त कळतं.

दुपारी गावातल्या खाणावळीत बाजरीच्या सोगऱ्याबरोबर, म्हणजे इथल्या भाकरीबरोबर, केर-सांगरी खाल्ली. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या, वाळवलेल्या शेंगा. केरची फळं कच्ची असताना कडू लागतात, म्हणून आधी काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवावी लागतात. वाळवलेली ही भाजी वर्षभर टिकते, आणि पाऊस न झालेल्या वर्षांत इथल्या घरांनी याच दोन झाडांवर दिवस काढले आहेत. जोधपूरला गेलात तर किल्ल्याआधी उद्यानात जा, सकाळी लवकर. जमलं तर एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा ऑगस्टमध्ये.